घोडा चांगलाच असेल, पण घोड्या कुणाच्या?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक सोलापूरचे, वय ४४. घरचा यंत्रमागाचा कारखाना होता. टॉवेलचा धंदा बसत गेला आणि गेल्या वर्षी चालू माग भंगाराच्या भावात विकावे लागले. हाती १४ लाख रुपये आहेत, कुंभारीच्या बाजूला तीन एकर जमीन आहे. त्यांच्या मेहुण्यांनी, म्हणजे पत्नीच्या सख्ख्या धाकट्या भावाने, एक व्यवहार आणलाय. पुण्याच्या रेसकोर्सवर पळालेला सात वर्षांचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा. नऊ शर्यतींत दोन विजय, दोन्ही चौथ्या वर्गातले. बाप आयर्लंडहून आणलेला, आजा जगप्रसिद्ध. किंमत नऊ लाख. मेहुण्यांचा हिशोब असा : घोडी लावायचे २५ हजार, वर्षाला ४० घोड्या, म्हणजे दहा लाख, पहिल्याच वर्षी घोडा फुकटात पडला. पत्नीचा विरोध आहे, कारण १४ पैकी सहा लाख मुलीच्या शिक्षणाचे धरलेले आहेत. पत्रलेखक विचारतात : नऊ लाख ही किंमत रास्त आहे का, आणि सुरुवातीला दर २५ हजार ठेवावा की कमी? ताजा कलम : घोड्याला मालदांडी ज्वारीचा कडबा चालतो का? आजोबा सोलापूर स्टेशनवर टांगा हाकायचे, हेही त्यांनी जाता जाता लिहिलंय.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात घोड्याची उंची आहे, रंग आहे, बापाचं नाव आहे, आज्याचं नाव तर दोनदा आहे. एकाही घोडीचा पत्ता मात्र नाही. चाळीस घोड्या येणार हे मेहुण्यांनी सांगितलं, तुम्ही लिहिलंत. त्या कुणाच्या, कुठल्या गावच्या, त्यांचे मालक आज कुठल्या घोड्याकडे जातात, याची एक ओळ नाही. तुम्ही मला किंमत विचारताय आणि मी तुम्हाला गिऱ्हाईक विचारतोय. तुम्ही कारखाना चालवलाय, तेव्हा हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. मागाची किंमत त्यावर निघणाऱ्या टॉवेलला कोण किती देतं यावर ठरत होती. टॉवेल उठेनासा झाला आणि चालू माग भंगारात गेले. लोखंड तेच होतं.

पैदाशीच्या घोड्याचंही तसंच आहे. घोडीचा मालक अजून न जन्मलेल्या शिंगरावर पैज लावतो, त्या पैजेच्या आकड्याला स्टड फी म्हणतात. घोडेवाला तो जाहीर करतो एवढंच. ठरवतात घोडीवाले.

तुम्ही मोबाईलवर पाहिलेले आकडे खोटे नाहीत. इंग्लंडमधल्या फ्रँकेलची २०२४ ची फी एका घोडीला साडेतीन लाख पौंड होती. नॉर्दर्न डान्सरची १९८० च्या दशकात दहा लाख डॉलरपर्यंत गेली होती, आणि तीही घोडी गाभण राहील याची हमी न देता. असं वाचलं की कुणालाही आपल्या तीन एकरांत तबेला दिसायला लागतो. पण फ्रँकेल चौदा शर्यती पळाला आणि चौदाच्या चौदा जिंकला. आणि नॉर्दर्न डान्सर वर्षाचा असताना २५ हजार डॉलरला विकायला काढला होता, तेव्हा त्याच्या बुटकेपणाकडे बघून कुणी घेतला नाही. पुढे १९६४ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत त्यानं जिंकली. फी आभाळाला भिडली ती मात्र त्याची पोरं युरोपात जिंकायला लागल्यावर.

या धंद्यात घोड्याला दोन जन्म असतात. पहिल्या जन्मात त्याची किंमत तो स्वतः काय पळाला यावर ठरते : कुठल्या दर्जाच्या शर्यती जिंकल्या, कितव्या वर्षी, किती अंतराच्या, पाय धड राहिले का, आणि आईच्या बाजूला कोण कोण आहे. आईची बाजू मुद्दाम म्हणतोय, कारण तुमच्या पत्रात ती नाहीच. एका मोठ्या घोड्याची पोरं शेकड्यांनी असतात. एखाद्या चांगल्या घोडीची आठ-दहा. तेव्हा ‘आजा जगप्रसिद्ध’ हे सांगणाऱ्याला विचारावं, बाबा, आजीनं काय केलं? मावश्यांनी काय केलं?

दुसरा जन्म सुरू होतो पोरं पळायला लागल्यावर, आणि तिथे पहिल्या जन्माची पुण्याई धुतली जाते. मधला काळ मोठा वाईट. आज घोडी लावली तर अकरा महिन्यांनी शिंगरू, ते दोन-तीन वर्षांचं होऊन पळणार. म्हणजे तीन-चार वर्षं कुणालाच काही कळत नाही आणि घोडीवाले नव्या घोड्याकडे वळतात. अमेरिकेतला इंटू मिस्चिफ २००९ साली साडेबारा हजार डॉलरवर सुरू झाला, गिऱ्हाईक कमी झालं म्हणून साडेसात हजारांवर आणला. पोरं पळाली आणि तो अडीच लाख डॉलरपर्यंत गेला. घोडा तोच. डान्झिग जेमतेम तीन शर्यती पळाला, गुडघ्यानं साथ सोडली, पण बाप म्हणून त्यानं नाव काढलं. उलट बाजूला ‘द ग्रीन मंकी’ : २००६ साली दोन वर्षांचा असताना लिलावात एक कोटी साठ लाख डॉलरला गेला, तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. सिगार नावाचा घोडा तर लागोपाठ सोळा शर्यती जिंकलेला, पैदाशीला ठेवला तेव्हा कळलं की बीजच नाही. भरपाई विमा कंपनीला द्यावी लागली. तेव्हा ‘नऊ लाखाचा आहे म्हणजे काहीतरी असेलच की’ हा मेहुण्यांचा युक्तिवाद कोट्यवधींच्या घोड्यांनी कधीच खोटा पाडलाय.

आपल्याकडचंही एक सांगतो. रझीन नावाचा घोडा, नॉर्दर्न डान्सरचाच पोरगा. १९९० च्या इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीत सगळ्यात जास्त पैसा त्याच्यावर लागला होता आणि तो पार मागे राहिला. तो भारतात उषा स्टड या पैदास केंद्रावर आला आणि इथे वर्षानुवर्षं अव्वल बाप ठरला. तुम्ही म्हणाल, बघा, म्हणजे हरलेला घोडाही चालतो! चालतो. पण तो जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या शर्यतीत फेव्हरिट म्हणून उतरून हरला होता, आणि इथे त्याच्याकडे आलेल्या घोड्या देशातल्या निवडक घोड्यांपैकी होत्या. या दुसऱ्या गोष्टीकडे लोक लक्ष देत नाहीत. परदेशातले जाणकार दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतात : या घोड्याच्या पोरांनी सरासरीच्या किती पट कमावलं, आणि ज्या माद्यांना तो लावला, त्याच माद्यांच्या दुसऱ्या नरांपासून झालेल्या पोरांनी किती पट कमावलं. पहिला आकडा मोठा आणि दुसरा त्याहून मोठा असेल, तर समजायचं की करामत माद्यांची आहे, बापानं उलट खालीच ओढलं. कधी मामला लेकींच्या पोटी उजळतो. सेक्रेटेरियट हा अमेरिकेतला घोडा १९७३ साली ३२ हिश्श्यांत साठ लाख डॉलरच्या वर विकला गेला; त्याच्यासारखा मुलगा काही त्याला झाला नाही, पण लेकींच्या पोटची नातवंडं पैदाशीत नावाजली.

आता तुमच्या घोड्याकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या शर्यतीत घोड्यांचे पाच वर्ग असतात आणि चौथा म्हणजे खालून दुसरा. नऊ पळून त्यात दोन जिंकणं वाईट नाही. प्रामाणिक घोडा असेल. पण थरोब्रेडची पैदास म्हणजे पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीची नोंद आली. आई आणि बाप दोघंही नोंदलेले लागतात, शिंगराची डीएनए तपासणी होते, आणि कृत्रिम रेतन चालत नाही, जगात कुठेही नाही. घोडी प्रत्यक्ष घोड्यापाशी आणावी लागते. अशा नोंदलेल्या घोड्या असतात पुण्याच्या आसपासच्या, कर्नाटकातल्या, पंजाब-हरियाणातल्या स्टड फार्मवर. त्यांच्या दारात परदेशातल्या मोठ्या शर्यती जिंकलेले घोडे उभे असताना ते लोक आपली घोडी ट्रकमध्ये चढवून, टेंभुर्णी-मोहोळ करत, चौथ्या वर्गातल्या घोड्यासाठी कुंभारीला का पाठवतील?

राहिल्या आपल्या भागातल्या घोड्या. दिवाळीच्या सुमाराला अकलूजच्या घोडेबाजारात तुम्ही एकदा तरी गेला असाल. तिथे गिऱ्हाईक काय बघतं? कान. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडली पाहिजेत. मग रंग : नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र, असेल तर विचारूच नका, पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, असेल तर भाव चढला. मग गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, आहे का, बाकी भोवरे कुठे पडलेत. मग रेवाल चाल, पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळू नये अशी. मी जनावरांचा डॉक्टर, भोवऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या मैदानावर भाव माझ्या विश्वासानं ठरत नाही. तुमच्या घोड्याचे कान सरळ, रंग तपकिरी, आणि तो हलगी कडाडली की वरातीतून नवरदेवासकट विजापूर नाक्यापर्यंत जाईल. त्याचं आणि मारवाडी घोडीचं शिंगरू शर्यतीला चालणार नाही कारण नोंद नाही, आणि मारवाडी म्हणून विकणार नाही कारण कान नाहीत. रायडिंग क्लबवाला कदाचित घेईल. असे क्लब आपल्या जिल्ह्यात किती, मोजायला एक हात पुरेल.

तरीही समजा मंगळवेढ्याचा एखादा घोडीवाला तयार झाला. त्याच्या ओट्यावर बसून हिशोब करू. घोडी अकरा महिने गाभण, मग शिंगरू सहा महिने अंगावर पिणार, असे सतरा महिने. रोजचे दोनशे रुपये धरले तरी लाखाच्या वर गेले. त्यात तुमचे २५ हजार. म्हणजे सहा महिन्यांचं शिंगरू सव्वा लाखाच्या वर विकलं तरच त्याला चार पैसे, आणि तेसुद्धा शिंगरू जगलं तर. असं दुमिश्र शिंगरू अकलूजला सव्वा लाखाला जातं का, हे मला विचारू नका, मेहुण्यांनाही विचारू नका. जाऊन बघा. ‘दर २५ हजार ठेवू की कमी’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शिंगराच्या भावात आहे.

आणि चाळीस घोड्या! घोडी माजावर येते ती साधारण फेब्रुवारी ते जून, दिवस मोठा होत जातो तेव्हा. म्हणजे आपल्याकडे नेमकं उन्हाळ्यात. माज पाच-सात दिवस टिकतो, दिवसाआड घोडा दाखवावा लागतो, शिवाय काही घोड्या उलटतात, म्हणजे गाभण राहत नाहीत, त्यांना पुढच्या माजाला पुन्हा. चाळीस घोड्यांचे हे सव्वाशे-दीडशे फेरे झाले, चार महिन्यांत. मोठ्या स्टडवर सोनोग्राफी करून नेमका दिवस काढतात म्हणून तिथे शंभर-शंभर घोड्या निभतात. तुमच्याकडे पहिल्या हंगामात दहा-बारा घोड्या आल्या तरी मी पाठ थोपटेन. त्यात त्रेचाळीस अंशाचं ऊन. घोड्याचं बीज तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात, त्यामुळे उन्हाचा किंवा तापाचा फटका आज बसला तर तो उलटणाऱ्या घोड्यांच्या रूपानं दीड-दोन महिन्यांनी कळतो. शिवाय पैसे कधी मिळणार? या धंद्यातली सर्रास चालणारी अट अशी की शिंगरू जिवंत जन्मलं, उभं राहिलं, दूध प्यायलं की फी. म्हणजे पहिल्या वर्षी गल्ल्यात काही नाही, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून : मोतद्दाराचा पगार, चंदी, गवत, नालबंद, डॉक्टर, विमा. माझ्या अंदाजानं वर्षाला पावणेचार-चार लाख. आणि तुमच्याकडे नऊ देऊन उरतात पाच.

म्हणून किंमतीबद्दल सरळ सांगतो. पैदाशीचा घोडा म्हणून, तुमच्या जागी, तुमच्या भागात, याची किंमत मी शून्य धरेन. रपेटीचा घोडा म्हणून जी असेल ती. रेसमधून निवृत्त झालेले कितीतरी घोडे रायडिंग स्कूलकडे अगदी थोड्या पैशांत जातात, कधी नुसते सांभाळायला म्हणून दिले जातात. पुण्यात दोन-तीन ठिकाणी फोन करा; नऊ लाख हा आकडा ऐकून पलीकडचा माणूस किती वेळ गप्प राहतो, ते बघा.

इथे माझीच एक फजिती सांगायला हवी. नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातल्या एका बागायतदारानं काळाभोर घोडा आणला होता. अंग असं की हात ठेवला तर घसरावा. मी दात बघितले, चारही पाय उचलून खूर बघितले, पळवून छाती ऐकली आणि ‘घ्या बिनधास्त’ म्हणालो. सात घोड्या लावल्या, सातही उलटल्या. तेव्हा कुठे मी सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो. घोडा घोडीवरून उतरताना गळणारे चार थेंब घेतले, काच आधी तळहातांत धरून कोमट केली, कारण थंड काचेवर चांगलं बीजही मरगळतं. डोळा लावला. चांगलं बीज असतं तेव्हा तिथे गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी दिसते, नुसती वळवळ. मला दिसलं सामसूम मैदान. मागाहून कळलं की विकणाऱ्यानं बाजारात उठून दिसावा म्हणून त्याला महिनोन्महिने ताकदीची इंजेक्शनं दिली होती. त्या औषधांनी अंग भरतं आणि वृषण आक्रसतात. ते मी हातानं चाचपलेसुद्धा नव्हते. लाजेनं, सवयीनं, कशानं का असेना. त्या माणसानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

तेव्हा एवढं सगळं वाचूनही तुम्ही, किंवा हे वाचणारा दुसरा कुणी, पैदाशीसाठी घोडा घेणारच असेल, तर विसार देण्याआधी बाहेरचा पशुवैद्य न्या, विकणाऱ्याच्या ओळखीतला नको. दोन्ही वृषण खाली उतरलेत का, एकसारखे आहेत का, हे हातानं बघून घ्या. बीज दोन वेळा तपासा, काही दिवसांच्या अंतरानं. ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्तक्षय या दोन्हींच्या रक्ततपासण्यांचे कागद मागा. ग्लँडर्सला लस नाही, तो माणसालाही होतो, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर कायद्यानं त्याला मारावं लागतं. दहा गावच्या घोड्या तुमच्या दारात येणार असतील तर प्रत्येक घोडीचाही अहवाल आधी आणि घोडी नंतर. घोड्याचा पासपोर्ट हातात घेऊन त्यावरच्या खुणा, पायांचे पांढरे, कपाळावरचा टिळा, समोर उभ्या घोड्याशी जुळवा. ‘कागद मागाहून पाठवतो’ हे वाक्य ऐकलं की गाडीला किल्ली मारायची. एक साधी युक्तीही आहे : विकणाऱ्याला म्हणा, पाच लाख आत्ता देतो, उरलेले पहिल्या पाच घोड्या गाभण राहिल्या की. ज्याला घोड्याची खात्री आहे तो घासाघीस करेल. ज्याला नाही तो चिडेल.

आता घरचं. पत्नीचा विरोध तुम्ही ‘बायकांना धंद्यातली जोखीम कळत नाही’ या एका वाक्यात उडवलाय. मला तिथेच थांबावंसं वाटलं. व्यवहार आणणारा त्यांचा सख्खा भाऊ आहे. आपल्याकडे माहेरच्या माणसाचा शब्द खाली पडू नये म्हणून बाई जिवाचं रान करते. आणि या बाई आपल्या पाठच्या भावाच्या व्यवहाराला तुमच्यासमोर नाही म्हणतायत. त्यांना भाऊ तुमच्यापेक्षा वीस वर्षं जास्त माहीत आहे. मेहुणे लबाड आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. उत्साही माणूस दिसतो, आणि त्यांना विकणाऱ्याकडून काही सुटणार असेल तर तेही जगरहाटीला धरूनच आहे. फक्त ते उघड विचारून घ्या, एकट्यात, जेवण झाल्यावर. आणि म्हणा, ‘दाजी म्हणून नाही, भागीदार म्हणून विचारतो, निम्मे तुम्ही घालताय का?’ उत्तर काहीही आलं तरी नातं शाबूत राहील. नऊ लाख बुडाल्यावर राहणार नाही, आणि त्यात मधल्या मध्ये भरडल्या जातील त्या तुमच्या पत्नीच.

मुलीचे सहा लाख बाजूला काढून ठेवा. आजच, तिच्या नावावर. मग चौदाचे आठ झाले आणि नऊचा घोडा आपोआप दारातून परत गेला. कधी कधी निर्णय असाही लागतो.

पण तुमच्या पत्रातली टांग्याची ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. आजोबा स्टेशनवर टांगा हाकायचे, संध्याकाळी घोड्याला खरारा करताना तुम्हाला बादलीवर उभं करायचे, एवढंच लिहून तुम्ही पुन्हा दहा लाखांच्या हिशोबाकडे वळलात. कारखाना गेला, सकाळी उठून जायला जागा राहिली नाही, मागांचा खडखडाट थांबल्यावर झोप लागत नाही असंही लिहिलंय. मला वाटतं तुम्हाला घोडा हवाय. धंदा त्याला निमित्त म्हणून जोडलाय, कारण नुसता घोडा हवा असं चव्वेचाळिसाव्या वर्षी घरात म्हणायची चोरी. म्हणा की. लाख-दीड लाखात एखादी शांत, शहाणी घोडी मिळते. आपल्याच भीमेकाठची भीमथडी बघा, उन्हातान्हाची, आखूड बांध्याची, चाऱ्याला काटक, आणि आता स्वतंत्र जात म्हणून तिची नोंदही झाली आहे. घोडी असली म्हणजे स्टड फीच्या व्यवहारात तुम्ही पलीकडच्या बाजूला बसता. दुसऱ्यानं नऊ लाखांचा घोडा सांभाळायचा, उन्हात त्याच्यावर पंखे लावायचे, आणि तुम्ही वर्षातून एकदा पाच-दहा घोडे बघून, त्यांची पोरं बघून, त्यातला एक निवडायचा. पैदाशीचं शिक्षण असं स्वस्तात होतं. दोन-तीन शिंगरं हाताखालून गेली की घोड्याची किंमत तुमची तुम्हालाच कळायला लागेल, आणि तेव्हा घोडा घ्यावासा वाटला तर मला पत्र लिहू नका, सरळ घ्या.

तोवर या दिवाळीत अकलूजला तीन दिवस मुक्काम टाका. पत्नीलाही न्या, त्यांची नजर तुमच्यापेक्षा थंड आहे. खिशात पैसे नेऊ नका, वही न्या. रोज वीस घोडीवाल्यांना एवढंच विचारा की गेल्या वर्षी कुठला घोडा लावला, किती दिले, शिंगरू कितीला गेलं. चौथा प्रश्न विचारायची गरज पडणार नाही, तेच बोलत सुटतील.

आणि तो कडबा. वाळलेला, चांगला खडखडीत मालदांडीचा कडबा कुट्टी करून थोडा दिला तर चालतो, पण त्यावर घोडा पोसू नका. मुख्य चारा गवताचा हवा. बुरशी लागलेली एक पेंढीसुद्धा नको, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते पोटशूळ होऊनच दिसतं. हिरवी ज्वारी मात्र अजिबात नको. कोवळ्या ज्वारीत विष असतं हे आपल्याला गाईम्हशींमुळे माहीत आहे. घोड्याला ती बरेच दिवस खाऊ घातली तर मूत्राशय निकामी होतं आणि मागचे पाय लटपटायला लागतात. कुंभारीच्या तीन एकरांत ज्वारीच असेल, तर बांधावर मारवेल लावून ठेवा. घोडी येईल तेव्हा येईल, तोवर शेजारच्याची म्हैस खाईल.